कानातली गिरणी

जानेफळ
८ जुलै २०२४

आसमे,

घरात जाड कागद नव्हता, म्हणून मागच्या सालच्या कॅलेंडरवर टोचून राह्यली. कुठं ठिपके बुजले असतीन तं समजून घेजो. अंधशाळेचं होस्टेल सुटल्यापासून आपण एकमेकीले ब्रेलमधी काहीच लिहिलं नाही, सारं फोनवरच बोललो. आता पाटी अन् टोचणी काढली, कारण फोन कानाले लावणं मले जमूनच नाही राह्यलं. तुहे फोन येऊन गेले. मी उचलले नाही. राग आला असन तं सोडून दे.

झालं असं का माह्या कानात किरकिर सुरू आहे. आधी मले वाटलं घरात रातकिडा शिरला. बाबाले म्हटलं, "बाबा, कोठीच्या मागं पाहा बरं, किडा ओरडून राह्यला." बाबानं कोठी सरकवली, पोते हलवले. मायनं झाडू फिरवला. बाबा म्हणे, "काहीच नाही वो पुष्पा इथं." मग मी अंगणात जाऊन बसली, तं किडा अंगणात. उशीत तोंड खुपसलं, तं उशीत. तवा कळलं का तो घरात नाही, माह्या डोक्यात आहे.

आमचं घर तं तुले माहीत आहे. समोर बाबाची पिठाची गिरणी, मधात एक भिंत, भिंतीले लागून माही खाट. विजेची लाइन आली का गिरणी सुरू, ते लाइन जायपर्यंत. त्या घरघरीत मोबाइल काय वाचून दाखवते ते आयकू येत नाही. म्हणून मी कानात हेडफोनचे बोंडं कोंबते अन् आवाज पुरा वर नेते. दोन सालापासून असंच चालू आहे. बँकेची परीक्षा सप्टेंबरात आहे अन् माहे सारे धडे आवाजातच आहेत, काय करू?

बाबाले सांगितलं नाही. सांगितलं तं ते गिरणीले दोष देतीन अन् दिवसभर बंद ठेवतीन. तूही सांगू नको. परीक्षा झाली का बसन आपोआप.

तुह्या खोलीतली दुसरी खाट कोणाले देऊ नको. परीक्षा पास झाली का मी राहाले येऊन राह्यली.

तुही पुष्पांजली

*

बुलडाणा
१९ जुलै २०२४

पुष्पे,

तुझं पत्र पोस्टमननं दवाखान्यातच आणून दिलं. काउंटरवरच्या मुली हसत होत्या, कुणी तुला गेल्या सालचं कॅलेंडर पाठवलंय म्हणून. मी म्हटलं, माझ्यासाठी सगळी सालं सारखीच आहेत. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग डबा तसाच राहिला.

तू हे हसण्यावारी नेतेस, ते मला पटलं नाही. अगं, आपल्याला डोळे नाहीत. आपण रस्ता कानांनी ओलांडतो, माणूस कानांनी ओळखतो. होस्टेलात तू नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगायचीस, कोणत्या बाई आल्या आणि रागात आहेत की नाही. मी तुझा दंड धरून चालायचे, कारण तुझे कान माझ्यापेक्षा तेज होते. तेच कान तू परीक्षेत घालवायला निघालीस?

मी इथं दिवसभर टेलिफोन ऑपरेटरचा हेडसेट लावते. पण एकाच कानावर. दुसरा मोकळा ठेवते, नाहीतर शेजारी कोण येऊन उभं राहिलं तेही कळत नाही. तू दोन्ही कानांत बोंडं घालतेस, वर भिंतीपलीकडं गिरणी. गिरणीच्या वर आवाज काढायचा म्हणजे केवढा काढत असशील, विचार कर. आधी कानाच्या डॉक्टरकडं जा. परीक्षा नंतर.

आणि रस्त्यात कानात काही घालू नकोस, कधीच नाही. हे मी सांगायला हवं का?

खाट आहे तिथंच. मी तिच्यावर वाळलेले कपडे टाकते, एवढंच. मागच्या रविवारी सकलैनभाई घरून, साखरखेर्ड्याहून आला होता. तुझं विचारत होता, मैत्रीण कधी येणार म्हणून. मी म्हटलं, येतेच आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

आसमा

*

जानेफळ
११ ऑगस्ट २०२४

आसमे,

तुह्या धाकानं चिखलीले जाऊन आली. मायले सांगितलं, कानात मळ झाला. डॉक्टरनं मले एका डब्यासारख्या खोलीत बसवलं. इतकी चूप जागा मी जल्मात अनुभवली नव्हती. बाहेरचं सारं बंद झालं अन् आतलं असं वाजाले लागलं का मले वाटलं मशीनच वाजून राह्यली. मी प्रत्येक वेळेस बटन दाबत गेली. मग बाई म्हणे, "ताई, मी अजून आवाज दिलाच नाही."

डॉक्टर भला माणूस होता. म्हणे, बारीक उंच आवाज कमी झाले आहेत, ते परत येत नाहीत. किरकिरीवर गोळी नाही. ती राहीन, पण मन तिच्यावरून हळूहळू उठन. मी इचारलं, "हेडफोन बंद करू का?" तं म्हणे, "बंद कायले? तुम्ही त्याच्यावरच शिकता. पण आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका. कानात खुपसायचे नाही, वरून झाकणारे घ्या. थोडं आयकलं का कानाले सुट्टी द्या. आजूबाजूले गोंगाट असन तं आवाज वाढवू नका, जागा बदला. अन् किरकिर बुडवायसाठी तं मुळीच वाढवू नका. ती बुडत नाही, कान बुडते."

तं आता मी सारं पाळून राह्यली. मायनं मेहकरवरून नवे, वरून झाकणारे हेडफोन आणून दिले. आवाज अर्ध्यावर. तू काळजी करू नको. अभ्यास जोरात आहे. गणिताचा भाग संपला, इंग्रजीही बराच झाला. सकाळी बसते ते बाबा जेवाले येतपर्यंत उठत नाही. मोबाइल दुप्पट वेगानं वाचते अन् मी त्याच्या मागं पळते.

सकलैनभाईले सांगजो, दिवाळी आम्ही दोघी बुलडाण्यालेच करू.

पुष्पा

*

बुलडाणा
२४ ऑगस्ट २०२४

पुष्पे,

पत्र वाचून बरं वाटलं आणि मग वाटेनासं झालं. सकाळी बसतेस ती काका जेवायला येईपर्यंत, म्हणजे गिरणी चालू असतानाच ना? मग अर्ध्या आवाजात दुप्पट वेगाचं वाचन तुला ऐकू कसं येतं? मी तुझ्या घरी राहून गेलेय. त्या खाटेवर बसून मला तुझ्या आईची हाक ऐकू आली नव्हती.

तू मला खोटं लिहिलंस असं मी म्हणत नाही. पण नवे हेडफोन आणि जुना आवाज, असं काहीतरी चाललंय.

मी एक काम सुरू केलंय. दुसऱ्या कुणासाठी मी एवढा वेळ दिला नसता, पण तू आहेस. संध्याकाळी घरी आल्यावर सामान्य ज्ञानाचे धडे मोबाइलवर हळू ऐकते आणि तुझ्यासाठी ब्रेलमध्ये टोचते. पहिला गठ्ठा या पत्राबरोबर आहे. आपल्या ब्रेलच्या कागदांना तिकीट लागत नाही, तेवढं एक सरकारनं बरं केलंय. अंगठा दुखतो, पण चालतंय. बोटांनी वाचलेलं कानाला लागत नाही. गिरणी कितीही ओरडू दे.

तेवढं तरी बोटांनी वाच. बाकीचं लाइन गेल्यावर, गिरणी बंद असताना ऐक. थोडा कमी अभ्यास होईल, होऊ दे.

आसमा

*

जानेफळ
५ सप्टेंबर २०२४

आसमे,

तुही पानं मिळाली. परत पाठवून राह्यली.

इतक्यात किती धडे टोचशीन तू? तुह्या एका गठ्ठ्यात जे आहे ते मोबाइल मले घटकाभरात आयकवते. तुले नोकरी लागली, तुले वेळ आहे. मले नाही. यंदा नाही झालं तं माय-बाबा म्हणतीन, बस झालं, घरी राहा. मंग मी गिरणीवर दळण मोजत बसू का जल्मभर?

अन् खरं आयकायचं आहे तं आयक. आवाज पुरा वर असला का तेवढाच वेळ ते किरकिरणं मले आयकू येत नाही. तेवढीच मले शांती आहे. ते तू अन् तो डॉक्टर काढून घेऊन राह्यले.

परीक्षा होतपर्यंत मले काही लिहू नको.

पुष्पांजली

*

बुलडाणा
३ ऑक्टोबर २०२४

पुष्पे,

लिहू नको म्हणालीस, तेवढं मी पाळलं. आता परीक्षा होऊन गेली, म्हणून लिहिते.

पानं परत आली तेव्हा मी खूप चिडले होते. ती तशीच पेटीत टाकली. मग वाटलं, मी तुझ्याशी दवाखान्यात फोनवर लोकांशी बोलते तसंच बोलत होते. चूक झाली. तुझ्या डोक्यात काय वाजतंय ते मला ऐकू येत नाही, आणि मी मात्र इथून उपाय सांगत बसले.

पण आता दुसरीच काळजी लागलीय. काल माणिककाकांच्या मोबाइलवर फोन केला. काकूंनी उचलला. "पुष्पा कशी आहे?" तर म्हणाल्या, "बरी आहे." "पेपर कसा गेला?" तर म्हणाल्या, "पोरगीच लिहीन पत्रात." मी तुमच्या घरी फोन केला आणि मागं गिरणीचा आवाज नाही, असं कधी झालेलं नाही. लाइन गेली होती का? मी विचारलं, तर काकूंनी फोन ठेवून दिला.

रागावली असशील तर रागात लिही, पण लिही.

आसमा

*

जानेफळ
२७ ऑक्टोबर २०२४

आसमे,

मी परीक्षा दिली नाही.

अकोल्याले आमचं सेंटर होतं. बाबा सोबत होते. सकाळी दोघं घरून निघालो. रात्रभर कानात इतकं वाजलं होतं का डोळ्याले डोळा नाही लागला. मी आधीचेच बोंडं दोन्ही कानात घातले अन् धडे लावले, आवाज पुरा वर. मनात म्हटलं, बाबा सोबत आहेत, काठी हातात आहे, स्टँडपर्यंतचा रस्ता पायाले पाठ आहे. तू लिहिलं होतं रस्त्यात कानात घालू नको. ते मले आठवलं होतं, आसमे. आठवूनही घातले.

स्टँडजवळ बाबा पाण्याची बाटली घ्यायले थांबले. "इथंच उभी राहा," म्हणे. ते मले आयकू आलंच नाही. मले वाटलं ते चालूनच राह्यले. मी पुढं गेली. बाजारात सोयाबीन उतरवून एक ट्रॅक्टर मागं येत होता, ट्रॉली माह्याकडं. लोक सांगतात, बाबानं हाका मारल्या. दुकानवाल्यानं मारल्या. एका बाईनं मारल्या. पूर्ण स्टँड माह्या नावानं ओरडत होता अन् मी भारतातल्या नद्या पाठ करून राह्यली होती.

बाबा पळत आले अन् मले ढकललं. मी नालीत पडली. बोंडं कानातून निघाले तवा मले बाबाचा आवाज आला. तो हाकेचा आवाज नव्हता. ट्रॉलीचं चाक त्यायच्या मांडीवरून गेलं होतं.

अकोल्यालेच गेलो शेवटी, पण दवाखान्यात. हाड दोन जागी मोडलं. सळई टाकली. वीस दिवसानं घरी आणलं. डॉक्टर म्हणते, काठीवर चालतीन, पण पोतं उचलणं, पट्टा चढवणं आता नाही. गिरणी बंद आहे. बायका दळण घेऊन येतात अन् कुलूप पाहून परत जातात. त्यायच्या पावलाचा आवाज येते, मंग जाते.

बाबा मले काहीच बोलले नाही. एकदाच म्हणे, "तू वाचली ना, झालं." त्यानंच जास्त लागते.

बोंडं अन् नवे हेडफोन, दोन्ही मी ट्रंकेत टाकले अन् किल्ली मायजवळ दिली. मायले सांगितलं, मी मागितली तरी देऊ नको. आता मी मोबाइलही आयकत नाही, रेडिओ नाही, काहीच नाही. अन् घर इतकं चूप झालं का त्या किरकिरीले मोकळं रान मिळालं. सकाळी उठते तवापासून तेच. आधी किडा होता, आता गिरणी आहे. बाहेरची बंद झाली अन् माह्या डोक्यात सुरू झाली, अन् इथं लाइन जात नाही.

तू आता मले जे बोलायचं ते बोल.

पुष्पा

*

बुलडाणा
७ नोव्हेंबर २०२४

पुष्पे,

मला काही बोलायचं नाही. मी पत्र वाचून टॉयलेटमध्ये जाऊन रडले आणि परत येऊन फोन उचलले. दिवाळीला इथं शेजारच्यांनी फराळ आणून दिला. तो मी त्या रिकाम्या खाटेवर ठेवला आणि विसरले.

काकांना माझा सलाम सांग. त्यांच्यासाठी अम्मीला दुआ करायला सांगितलंय.

तू स्वतःला शिक्षा देतेस, ते मी समजू शकते. पण ती शिक्षा कानाला चुकीची लागतेय. आमच्या दवाखान्यात संजीवनीताई आहेत, कान तपासणाऱ्या. मी त्यांच्याकडं गेले आणि नाव न घेता सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीनं आधी एक टोक गाठलं, आता दुसरं गाठलं." पुऱ्या आवाजानं कान जातो आणि पुऱ्या शांततेत किरकिर वाढते, कारण ऐकायला दुसरं काही उरतच नाही. त्यांनी सांगितलं की घरात काहीतरी हलकं वाजत राहू दे. पंखा, पाणी, हळू रेडिओ. किरकिरीपेक्षा थोडंसं कमीच. तिला झाकायचं नाही, तिला सोबत द्यायची. हेडफोन वापरायचेच तर वरून बसणारे, सैल, आणि आवाज इतका की घरातल्या माणसाची साधी हाक कानावर यावी. हाक आली नाही तर आवाज जास्त आहे. चालताना नाही, स्वयंपाकात नाही, झोपताना कानात घालून नाही.

मी विचारलं, "त्यानं किरकिर जाईल?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. पण ती खोलीच्या मधोमध बसलीय, ती कोपऱ्यात जाईल."

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही किल्ली आईजवळच दिली असती. पण तू ती परत मागावी असं मला वाटतं.

आसमा

*

जानेफळ
१५ डिसेंबर २०२४

आसमे,

तुहं पत्र मी लय दिवस उशीखाली ठेवलं. किल्ली मागायची हिंमत नव्हती. पण एक गोष्ट झाली, ते तुले सांगितलीच पाहिजे.

दुपारची वेळ होती. माय वावरात गेली होती. बाबा खाटेवर, मी जवळ बसून लसूण सोलून राह्यली होती. बाबा सारखे कूस बदलत होते. मी म्हटलं, "पाय दुखून राह्यला का?" म्हणे, "पाय नाही वो." मंग म्हणे, "पुष्पा, त्या दिवशी तू कानात ते काऊन घातलं होतं? मी तुले कधी इचारलं नाही."

मंग मी सांगितलं. सारंच. कोठीमागचा किडा, चिखलीचा डॉक्टर, बुडवायसाठी वाढवलेला आवाज. म्हटलं, "बाबा, माह्या कानात दिवस-रात्र वाजते, काहीच वाजत नसलं तरी."

बाबाचं कूस बदलणं थांबलं. मले वाटलं झोपले. मंग म्हणे, "म्हणजे ते साऱ्यायले वाजत नाही?"

मी म्हटलं, "काय?"

"ते. शिट्टीसारखं. माह्या कानात तं तुह्या जल्माच्या आधीपासून आहे. गिरणी घेतली तवापासून. मले वाटे, कान म्हटलं का वाजतेच."

आसमे, माह्या हातातला लसूण खाली पडला. गिरणी चालू होती तवर त्यायले ते दबलेलं राहे. आता घर चूप झालं, अन् त्यायलेही तेच सुरू आहे जे मले आहे. सहा-सात हप्ते आम्ही बाप-लेक एका खोलीत बसून एकच गोष्ट आयकून राह्यलो होतो, अन् दोघंही चूप. बाबा इतक्या मोठ्यानं काऊन बोलतात याचा मले लहानपणापासून राग होता. शाळेत सोडाले येत तं मी म्हणे, हळू बोला. त्यायले हळू म्हणजे काय तेच आयकू येत नव्हतं.

संध्याकाळी मायकडून किल्ली घेतली. वरून झाकणारे काढले, अन् ते आधी बाबाले लावले. मोबाइलात वाहत्या पाण्याचा आवाज आहे, तो लावला. सगळ्यात खाली नेला अन् एकेक टप्पा वर आणला. बाबा म्हणे, "हे कोणतं पाणी?" म्हटलं, "मोबाइलातलं." म्हणे, "आपली पैनगंगा असं नाही वाजत." मी मायले चुलीपासून हाक माराले लावली. पहिल्या वेळेस बाबानं ओ दिली नाही. आवाज कमी केला. परत हाक मारली. बाबा म्हणे, "आयकलं वो झुंबर, कायले ओरडतं." माय हसली. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच हसली असन.

मंग मी लावले. किरकिर गेली नाही. पण पाणी होतं, अन् पाण्याच्या बाजूले ती होती. मी थोडाच वेळ ठेवले अन् काढून टाकले. रोज तेवढंच करून राह्यली. काही दिवशी त्याचा काहीच उपयोग होत नाही अन् मी भिंतीले डोकं लावून बसते. तेही तुले लिहिते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं.

गिरणी गुलाबराव काकाले विकली. परवा ते मशीन खोलून स्टँडजवळ घेऊन गेले. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या खोलीत आता बोललं का आवाज घुमते.

ती परत पाठवलेली पानं फेकली नसशीन तं पाठव. तुही माफी मागत नाही, मागून काय होते. पानं पाठव.

पुष्पा

*

साखरखेर्डा
१२ जानेवारी २०२५

पुष्पे,

वरचं गाव बोटांनी परत वाचू नकोस, बरोबरच वाचलंस. मी घरी आलेय.

काकांचं अम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढी वर्षं त्या माणसाला कोणी विचारलंच नाही.

पानं सोबत आहेत. पुढचे दोन धडेही टोचलेत, कारण आता मला वेळच वेळ आहे.

तू लपवायचं नाही म्हणालीस, म्हणून मीही सांगते. बुलडाण्याला एकटी राहायला घरून परवानगी अशी कधी नव्हतीच. अब्बा गेल्यावर सकलैनभाईनं सगळं घर ओढलं. तो कडक आहे असं नाही, तो घाबरतो. न दिसणारी बहीण, परगाव, भाड्याची खोली. मी त्याला दोन वर्षं एकच सांगत आले, पुष्पा येतेय, मग आम्ही दोघी असू. दर खेपेला तो विचारायचा, कधी, आणि मी म्हणायचे, परीक्षा झाली की. तुला हे कळवलं असतं तर तू माझ्यासाठी आवाज अजून वर नेला असतास. म्हणून कळवलं नाही. तुझं पत्र आल्यावर त्याला खरं सांगावं लागलं, की परीक्षा झालीच नाही, तू इतक्यात येणार नाहीस. तो म्हणाला, "बस आता, आसमा. घर चल." डिसेंबर संपताना खोली सोडली. नोकरीही.

तुझ्यामुळं झालं असं मनात आणू नकोस. आणशीलच, मला माहीत आहे.

दवाखान्यात हेडसेट काढून ठेवला तेव्हा कान मोकळे झाल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट वाटलं. दिवसभर शेकडो माणसं माझ्याशी बोलायची, कुणी रागात, कुणी रडत. आता भावजय बोलते, अम्मी बोलते, कोंबड्या बोलतात. मी सकाळी लवकर उठते आणि कुठं जायचं नसतं.

जेव्हा जमेल तेव्हा लिही. इथं पोस्टमन रोज येत नाही.

आसमा

*

जानेफळ
२ फेब्रुवारी २०२५

आसमे,

पत्र तीनदा वाचलं. मनात आणू नको म्हणशीन अन् मी आणणार नाही, असं होईन का? पण त्याचं काय करायचं ते मी ठरवलं.

या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी मी साखरखेर्ड्याले येऊन राह्यली. मले सकलैनभाईसोबत बोलायचं आहे. काय बोलू ते पुरं ठरलं नाही. त्यायले सांगीन का परीक्षा यंदा परत आहे, अन् मी ती बोटानं अन् अर्ध्या आवाजानं करून राह्यली. पास होईन असं सांगता येत नाही. न दिसणाऱ्या दोघी एका खोलीत राहणं ही भीतीचीच गोष्ट आहे, तेही मान्य करीन. पण ते ज्याले भेतात ते माह्यासोबत भर दिवसा झालं, बापाच्या डोळ्यासमोर झालं. घरी ठेवून माणूस वाचतेच असं नाही. हे बोलणं त्यायले पटन का नाही, मले माहीत नाही. नाही पटलं तं दोन दिवस तुह्या घरी राहीन, अम्मीच्या हातचं खाईन अन् परत येईन.

बाबा म्हणे, "मी येतो सोबत." काठी घेऊन ते आता दारापर्यंत जातात, पुढं नाही. मी नको म्हटलं. मेहकरपर्यंत माय सोडून देईन, पुढं मी एकटी. हेडफोन घरीच ठेवून येईन. तितका रस्ता मले गाडी, कंडक्टर, माणसं अन् ती किरकिर हे सारं मिळूनच आयकायचं आहे. भेव वाटते. पहिल्यांदाच एवढं वाटून राह्यलं. आधी मले वाटे रस्ता माह्या ओळखीचा आहे.

एक सांगायचं राह्यलं. चिखलीच्या डॉक्टरकडं मागच्या हप्त्यात परत गेली होती. उजवा कान आता जवळपास गेल्यासारखाच आहे. त्या अंगानं कोणी बोललं तं मले कळत नाही, नुसती शिट्टी येते. बाबाले अजून सांगितलं नाही, पण आज सांगते असं मायले कबूल केलं आहे.

म्हणून स्टँडवर येशीन, तवा मले डाव्या बाजूनं हाक मारजो. जवळ येऊन मारजो, अन् मी थांबली नाही तं परत मारजो.

पुष्पा